बिदागीत गेलेली नळी

“आई, मोठं आणतो. चांगलं आणतो. तू काळजी करू नको,” प्रल्हाद खोडके लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, आणि पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं.

निमित्त क्षुल्लक होतं. देवघरातलं अगरबत्तीचं चिनीमातीचं घर आन्याच्या कोपराचा धक्का लागून फुटलं होतं. आन्या म्हणजे प्रल्हादची बारा वर्षांची लेक. तिने “सॉरी आजी, माय बॅड” म्हणून तुकडे गोळा केले. आजी, म्हणजे जूनमध्ये वाशीमहून टेक्ससला आलेल्या नंदाबाई, तेव्हापासून वाटीतल्या तांदळात अगरबत्ती खोचत होत्या आणि मुलाला रोज आठवण करून देत होत्या. मुलगा रोज ‘आणतो’ म्हणत होता. पण प्रल्हादच्या लॅपटॉपवर त्या वेळी उघडी असलेली नळी अगरबत्तीची नव्हती. ती बंदुकीची होती.

ऑस्टिनपासून पाऊण तासावर प्रल्हादने घर आणि दहा एकर जमीन घेतली होती. आठवड्याचे पाच दिवस तो सॉफ्टवेअरमध्ये आणि दोन दिवस मातीत असे. या वर्षी त्याने अर्धा एकर रताळी लावली आणि उत्साहाच्या भरात मराठी मंडळात जाहीर करून टाकलं, “या कार्तिकी एकादशीला सगळ्यांच्या ताटात माझी रताळी!” ही बातमी मंडळाच्या लोकांनी ऐकली, तशी रानडुकरांनीही ऐकली असावी. एकादशीपर्यंत थांबण्याचा संयम त्यांच्यात नव्हता. दोन रात्रींत त्यांनी चार सरी नांगरून टाकल्या.

प्रल्हादने रीतसर बंदूक घेतली, अंधारात जनावराची ऊब दाखवणारी दुर्बीण घेतली, आणि पहिल्याच रात्री बार काढला. डुक्कर पळालं. घराच्या खिडक्या हादरल्या. नंदाबाई ताडकन उठून बसल्या.

“काय फुटलं रे बापू?”

“काही नाही आई. शेजारी फटाके उडवतायत.”

“रात्री साडेअकराले?”

“इथं चालतं.”

नंदाबाईंचे कान तिखट होते आणि मन लोण्याचं. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात नाम, डासालासुद्धा ‘जा रे बाबा’ म्हणून हाताने हाकलणार. अशा बाईला, आपला मुलगा रात्री बंदूक घेऊन शेतात बसतो, आणि तेही देवाने ज्याचा अवतार घेतला त्याच प्राण्यावर नेम धरून, हे सांगायचं कसं? आई अन्नपाणी सोडेल, असं प्रल्हादने मनाशी ठरवूनच टाकलं. तिला मात्र विचारलं नाही. शिकलेल्या मुलांची ही रीतच असते.

“त्यापेक्षा सरळ सांग ना तिला,” त्याची बायको शैलजा म्हणाली.

“नको. आवाजच बंद करतो.”

बंदुकीच्या तोंडावर बसवायच्या नळीला इंग्रजीत सप्रेसर म्हणतात, आणि ती घेणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा अवघड, हे प्रल्हादला पुढच्या चार महिन्यांत कळलं. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. लांबी, वजन, धातू, आवाज किती उतरतो, आटे कुठले, असे चौदा रकाने आणि एकतीस उमेदवार. एक नळी सगळ्यात शांत, पण दुधीभोपळ्याएवढी लांब. दुसरी आखूड, पण आवाज राखणारी. तिसरी दणकट, पण इतकी जड की बंदुकीचं नाक जमिनीकडे वळावं.

“मला बघायला आलास तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणालास,” शैलजा म्हणाली. “आणि या नळीची पत्रिका चार महिने जुळेना!”

“अगं, ही एकदा घेतली की जन्माची.”

“अच्छा! आणि मी?”

प्रल्हादने रकाना बदलला.

शेवटी तो तक्ता घेऊन तालुक्याच्या गावी डॉयल नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात गेला. डॉयलने तक्ता उलटा धरला, सुलटा धरला, आणि बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारले. बंदूक कोणती? मारायचं काय? आणि ती उचलून किती चालायचं?

“थ्री-ओ-एट. रानडुकरं. रात्री. झुडपांतून अर्धा मैल.”

“मग हलकी घे. टायटॅनियमची, वीतभर लांबीची. लांब घेतलीस तर प्रत्येक काटेरी फांदीला नमस्कार करत जावं लागेल. रात्रीच्या दुर्बिणीसाठी वरून कापडी गवसणीही घे. चार बार काढलेस की नळी तापते, आणि तिच्या उबेने समोरचं सगळं धूसर दिसायला लागतं.”

“आणि आवाज? अजिबात येणार नाही ना?”

डॉयल त्याच्याकडे बघून हसला. “सिनेमात ‘फुस’ होतं, पोरा. इथं ‘धडाम’चं ‘ठप्प’ होतं. कान वाचतात, शेजारी झोपतात. पण कोणी जागंच असेल तर ऐकेल.”

प्रल्हादने मनात म्हटलं, आई नऊला झोपते. आणि सही केली.

मग बोटांचे ठसे, फोटो, सरकारी अर्ज आणि वाट पाहणं. ही नळी ज्याच्या नावावर त्याच्याचकडे राहिली पाहिजे, दुसऱ्याला अशी सहज देता येत नाही, हे डॉयलने त्याला तीन वेळा बजावलं. प्रल्हादने पाच वेळा मान डोलावली. कारण त्याच्या डोक्यावर आणखी एक अर्ज लटकत होता. अठरा वर्षांच्या व्हिसा, ग्रीन कार्ड आणि रांगांनंतर त्याची नागरिकत्वाची शपथ आता तोंडावर आली होती. अशा वेळी माणूस पिवळ्या सिग्नललासुद्धा हात जोडून थांबतो.

मंजुरी आली ती नेमकी एका शनिवारी. आणि त्याच शनिवारी घरी कीर्तन होतं.

कीर्तनाचा बेत नंदाबाईंचा. श्रीरंगबुवा भारतातून दौऱ्यावर आले होते. ह्यूस्टन झालं, ऑस्टिन झालं, पुढे जर्सी सिटी. मधला एक दिवस नंदाबाईंनी फोनवर फोन करून पटकावला होता. बुवांचा गळा असा, की पहिल्या आलापालाच माणसाच्या मनातला कचरा आपोआप कोपऱ्यात गोळा व्हावा. प्रल्हाद नळी घेऊन घरी पोचला तेव्हा अंगणात पंचवीस गाड्या होत्या. बंदुकीची तिजोरी पाहुण्यांच्या खोलीत, आणि त्या खोलीत बुवा विश्रांती घेत पडलेले. मग त्याने नळी तात्पुरती कोठीच्या खोलीत ठेवली, वरच्या फळीवर, पूजेच्या सामानाच्या डब्यामागे. हात धुतले, सदरा चढवला आणि टाळ घेऊन पुढे जाऊन बसला.

पूर्वरंग सुरू झाला. बुवांनी विषय घेतला व्यसनाचा. मद्याने राजाची बुद्धी कशी गेली, राज्य कसं गेलं, म्हाताऱ्या आईच्या डोळ्याला धार कशी लागली. बुवा हे सगळं डोळ्यांत पाणी आणून सांगत होते आणि दर दोन ओळींनी प्रल्हादकडे बघत होते. आयुष्यात ताकापलीकडे काही न प्यालेला प्रल्हाद भक्तिभावाने मान हलवत होता. तेवढ्यात त्याला मोगऱ्याचा वास आला, त्याने सहज देवाच्या चौरंगाकडे पाहिलं, आणि त्याचा टाळ सम सोडून भलतीकडेच वाजला.

चौरंगावर, समईशेजारी, ती काळी नळी उभी होती. तिच्या तोंडात पाच अगरबत्त्या नेमक्या बसल्या होत्या. अंगाला हळदकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ. धूर झकास निघत होता.

“आजी, इट्स सो एस्थेटिक!” आन्या मागून कुजबुजली.

“मंग! माझ्या बापूनं आणलं. म्हनलं व्हतं त्यानं, मोठं आणतो,” नंदाबाई शेजारणीला सांगत होत्या. “कसं जड हाय पाह्य! पोकळ, तरी वाऱ्यानं पडत नाही.”

मागच्या खुर्चीत प्रसादाच्या आमंत्रणावरून आलेला डॉयल बसला होता. तो हळूच वाकून प्रल्हादच्या कानाशी आला.

“ते मला वाटतंय तेच आहे का?”

“तेच.”

“चाळीस वर्षं दुकान चालवतोय. त्यातून धूर निघताना खूप पाहिलाय. पण मागे नेहमी बंदूक असते.” डॉयलने थोडा विचार केला. “हरकत नाही. तुझ्या घरात आहे, तुझ्या समोर आहे. फक्त नजरेआड होऊ देऊ नकोस.”

प्रल्हादने त्या क्षणापासून पापणी लववली नाही. उत्तररंगात बुवांनी जमलेल्यांना सांगितलं, “पाहा, आपला यजमान कसा एकटक देवाकडे बघतोय!” सगळ्यांनी कौतुकाने माना वळवल्या. शैलजाने मात्र तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

आरती झाली. बुवांना नारळ, शाल आणि पाकीट देऊन झालं. तरी नंदाबाईंचं मन भरेना. बुवा चौरंगाकडे बघून म्हणाले, “अगरबत्तीचं घर मोठं सुरेख आहे हो, आजी. असं कुठं पाहिलं नाही.” झालं! कीर्तनकाराने वाखाणलेली वस्तू घरात ठेवायची नंदाबाईंच्या सात पिढ्यांत रीत नव्हती. प्रल्हाद गर्दीतून वाट काढत पुढे पोचेपर्यंत अगरबत्त्या विझल्या होत्या आणि नळी शालीत गुंडाळून बुवांच्या झोळीत गेली होती.

“आई, अगं ते...”

“असू दे रे. आपल्याले दुसरं आण. बुवांची बिदागी आहे ती.”

“बुवा, मी तुम्हाला चांदीचं देतो! दोन देतो!”

“वस्तू चांदीची की लोखंडाची याला महत्त्व नाही, प्रल्हादपंत,” बुवांनी झोळी पोटाशी धरली. “माउलीने भाव घातलाय त्यात. प्रसाद बदलून घेत नसतात.”

स्वयंपाकघरात शैलजाने त्याला गाठलं. “आता तरी सांग. बुवा उद्या सकाळी जर्सी सिटीला चाललेत.”

“न्यू जर्सीत ही नळी जवळ बाळगणंच गुन्हा आहे, शैलजा! आणि मी दिली म्हणजे माझाही गुन्हा. तीन आठवड्यांवर शपथ आहे माझी!”

“म्हणजे बुवा तिकडे आत, तू इकडे आत. कीर्तन मग दोन राज्यांत होईल.”

“हसतेस काय?”

“मग रडू? आईंना चार शब्द सांगायला तुझी जीभ रेटत नाही, आणि म्हणे शिकारी!”

प्रल्हादने ठरवलं, गुपचूप काढून घ्यायची. रात्रभर तो पाहुण्यांच्या खोलीच्या दारात सतरंजी टाकून पडला, म्हणजे झोळी नजरेच्या टप्प्यात राहील. पहाटे चारला बुवा स्नानाला गेले. हा सरपटत आत गेला, झोळीची गाठ सोडली, आत हात घातला तो नारळाला लागला, आणि मागून आवाज आला, “झोप नाही लागली?”

ओल्या पंच्यातले बुवा दारात उभे होते.

“नाही बुवा. म्हणजे... तुमच्या झोळीच्या पाया पडत होतो.”

बुवांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. रात्रभर दाराशी पडून राहणारा आणि झोळीला वंदन करणारा यजमान त्यांना चाळीस वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी त्याला शेजारी बसवून सहा वाजेपर्यंत संगतीचे परिणाम या विषयावर ओव्या गाऊन दाखवल्या. झोळी त्यांच्या मांडीवर होती.

सकाळी गाडीत प्रल्हाद मागे बसला, झोळीला खेटून. शैलजा गाडी चालवत होती, नंदाबाई तिच्या शेजारी. बुवा पेट्रोल पंपावर उतरले, तर हाही उतरला. बुवा झोळी खांद्याला लावून स्वच्छतागृहात गेले, तर हा दाराशी उभा. “निष्ठा म्हणतात ती ही,” बुवा परत येऊन म्हणाले.

“बुवा, झोळी सामानात टाकणार ना?” प्रल्हादने शेवटची आशा धरली.

“छे! चिपळ्या आणि बिदागी जन्मात कधी खांद्यावरून उतरवली नाही. विमानातसुद्धा मांडीवर.”

म्हणजे तपासणीच्या यंत्रात. म्हणजे पोलीस. प्रल्हादला बुवा दिसले, शाल पांघरलेले, हात वर केलेले, आणि तरीही प्रसन्न चेहऱ्याने अधिकाऱ्याला सांगताना, ‘प्रल्हादपंतांनी दिली हो, फार भक्तिमान माणूस.’

विमानतळाच्या दारापाशी गाडी थांबली. बुवा उतरले, वळले, निरोपाला हात जोडले. काचेचं दार आपोआप उघडलं. आणि प्रल्हादने फुटपाथवर, दोन सुटकेसच्या मधोमध, बुवांच्या पायांवर लोळण घेतली.

“बुवा, जाऊ नका! ते अगरबत्तीचं घर नाही! ती बंदुकीची नळी आहे! बंदूक माझी आहे! आई, फटाके शेजारी नव्हता उडवत, मी उडवत होतो! रात्री शेतात बसून मी डुकरं मारतो, म्हणजे मारायचा प्रयत्न करतो, अजून एकही मेलं नाही, पण पाप मनात आहे!”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. बुवांनी नंदाबाईंकडे बघितलं. नंदाबाईंनी बुवांकडे बघितलं.

“म्हणजे,” बुवा सावकाश म्हणाले, “दारू नाही?”

“कसली दारू?”

नंदाबाई गाडीतून उतरल्या. “काहून रे मेल्या! रात्री-रात्री बाहेर जाय, डोळे लाल करून ये. अंगाले कसल्याशा तेलाचा भपकारा. विचारलं तर खोटं बोले. मले वाटलं पोरगं पिऊन राह्यलं! चार महिने झाले, एक रात्र धड झोपली नाही मी. म्हणून तर नवस बोलली. बुवांचं कीर्तन ठेवीन म्हनलं, पण माझ्या बापूची बाटली सुटू दे, अन् तो रोज एक घडी देवापाशी बसू दे!”

“ते बंदूक साफ करायचं तेल होतं, आई.”

“आणि मी काल अडीच तास ज्या राजाचं राज्य घालवलं,” बुवा कपाळाला हात लावून म्हणाले, “तो ताक पिणारा निघाला!”

शैलजा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती.

बुवांनी झोळी उघडली, शाल आणि नारळ ठेवून घेतला, आणि नळी दोन्ही हातांनी प्रल्हादच्या हातात दिली. “प्रसाद परत देत नाही मी. पण हा माझा प्रसाद समजा. आणि आईशी खोटं बोलायचं व्यसन तेवढं सोडा. ते दारूपेक्षा वाईट.” एवढं बोलून ते उरलेली झोळी खांद्याला लावून तपासणीच्या रांगेत गेले.

परतीच्या वाटेवर गाडी हमरस्त्याला लागली. मग प्रल्हाद पुढच्या सीटकडे वाकला. “आई, तुला राग नाही आला? देवाचा अवतार तो...”

“देवानं अवतार घेतला तो पृथ्वी वर काढाले. यायनं काय काढलं? रताळी!” नंदाबाई म्हणाल्या. “माझा बाप भुईमुगाच्या वावरात माचाणावर बसे. मी कंदील धरत होती. तू विचारलं असतं तर सांगितलं असतं न मी.”

डॉयलने नळी साफ करून दिली. आतून राख झटकली, कुंकू पुसलं, दोनदा उजेडात धरून आरपार बघितलं. आतापर्यंत आपण नळीत चिखल पाहिला, गांधीलमाशीचं घर पाहिलं, पण अक्षता पहिल्यांदाच पाहिल्या, असं त्याने प्रल्हादला सांगितलं.

त्या रात्री मायलेक शेताच्या कडेला खुर्च्या टाकून बसले. नंदाबाई शाल पांघरून नाम घेत होत्या. दुर्बिणीत काही दिसायच्या आधीच त्यांनी बोट केलं, “तिकडे. तीन आहेत. मोठी आई पुढं.” प्रल्हादने श्वास रोखला, नेम धरला आणि बार काढला. ‘ठप्प’ झालं. डुकरं जागची हलली, थांबली, पुन्हा खायला लागली. आणि सगळ्या शेतावर मोगऱ्याचा मंद घमघमाट पसरला.

“नेम चुकला, बापू,” नंदाबाई म्हणाल्या. “वास मात्र लय छान.”

“आवाज किती कमी आहे बघ ना, आई!”

“त्याच्यासाठीच चार महिने घालवले? अरे, माझ्या बापानं वावर राखलं ते आवाजावर. डबे बडवून. डुक्कर आवाजाले भेते, अन् तू आवाजच झाकून ठेवला!” असं म्हणून त्यांनी शालीखालून टाळ काढले आणि खणखणीत गजर सुरू केला. दुर्बिणीत तीन पांढरे ठिपके कुंपणापलीकडे दिसेनासे झाले.

एकादशीपर्यंत रोज रात्री शेतावर गजर झाला. मंडळाच्या प्रत्येक ताटात रताळ्याचा कीस पडला. प्रल्हादने शपथही घेतली, उजवा हात वर करून, खणखणीत आवाजात.

नळी आता सकाळी देवघरात असते. पाच अगरबत्त्या तिच्यात नेमक्या बसतात आणि नंदाबाईंना दुसरं घर पसंतच पडत नाही. पण सरकारी कागदावर तिच्या धन्याचं एकच नाव आहे, आणि प्रल्हाद आता कायद्याला फार जपतो. म्हणून रोज पहाटे तो स्वतः तिजोरी उघडतो, नळी काढतो, अगरबत्ती लावतो, आणि ती विझेपर्यंत तिला नजरेआड न करता देवासमोर मांडी घालून बसतो. पाच अगरबत्त्या जळायला बरोबर एक घडी लागते.

दाराआड नंदाबाई नवस फळल्याच्या समाधानाने माळ ओढत असतात.